सांखला साहेबांचं जंगल

मेळघाटात मी वनरक्षक म्हणून लागलो, तेव्हा जुने वनपाल एक नाव आदरानं घ्यायचे: सांखला साहेब. कैलाश सांखला, व्याघ्र प्रकल्पाचे पहिले संचालक. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण माझी उभी नोकरी त्यांनी आखून दिलेल्या वाटेवर गेली.

मूळचे जोधपूरचे. राजस्थानच्या वनखात्यात जंगलं सांभाळून 1965 साली ते दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक झाले. तेव्हा वाघाची शिकार कायदेशीर होती आणि राजधानीतल्या दुकानांत कातडी उघड विकली जायची. साहेबांनी ती दुकानं स्वतः पालथी घातली. 1969 साली दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण परिषदेत वाघ संपत चालल्याचं त्यांनी ठणकावून सांगितलं. शिकारीचे शौकीन भडकले. 1970 मध्ये शिकारबंदी आली. 1972 च्या गणनेत देशभरात वाघ भरले 1,827. पुढच्या वर्षी, 1 एप्रिलला, कॉर्बेटमध्ये प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत आमचा मेळघाट होता.

लोकांना वाटतं, वाघ वाचवायचा म्हणजे वाघावर पहारा ठेवायचा. साहेबांचं म्हणणं वेगळं होतं: जंगलाच्या गाभ्यातली माणसाची कामं थांबवा, बाकीचं जंगल करील. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे पट्टे, तोडायचे नाहीत, गुरं चारायची नाहीत. आज हे साधं वाटतं. पण आमचं खातं इंग्रजांच्या काळापासून लाकडाच्या उत्पन्नावर मोजलं जायचं, आणि मेळघाट म्हणजे तर सागवानच! उभा साग तोडायचा नाही, हे त्याच खात्यात वाढलेल्या माणसानं खात्याला सांगायचं, याला छाती लागते. आमचं काम उरलं ते गस्त, पाणवठे आणि उन्हाळ्याआधी वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढणं. चराई थांबली तिथं गवत वाढलं, गवतामागं सांबर आलं, सांबरामागं वाघ.

याची किंमत गाभ्यातल्या गावांनी मोजली. रानावर जगणाऱ्या कोरकू आदिवासींना आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. ते पुरेसं झालं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सांखला 1994 साली गेले. 2022 च्या गणनेत देशात किमान 3,167 वाघ निघाले.

मेळघाटात याल तेव्हा वाघ दिसला नाही म्हणून गाइडवर चिडू नका. गाडी थांबवायला सांगा आणि गवत बघा, पाणवठ्यावरचे ठसे बघा. साहेबांनी राखायला सांगितलं होतं ते हेच.