दोन तासांचे भय आणि त्याचे मोल

संगणकावरच्या खेळांविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, हे चारठाण्यातल्या काही श्रोत्यांना विचित्र वाटेल. मोंढ्यातले हमाल, विड्या वळणाऱ्या बाया, बांधकामावरचे मजूर ह्यांच्यात आमची उमेदीची वर्षे गेली. तेव्हा आम्ही हमालीच्या दराविषयी बोलावे, डायनोसॉरविषयी कशाला, असा प्रश्न कोणीही करील. त्याला आमचे उत्तर साधे आहे. खेळ ही एक वस्तू आहे. ती कोणीतरी श्रमाने घडविलेली असते, आणि जो ती विकत घेतो तो तिच्याविषयी आपले मत देतो. श्रम, दाम आणि मत ह्या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे आमचा विषय सुरू होतो.

हा विषय अफाट आहे, म्हणून त्याचा एक लहान तुकडा आपण घेऊ. लहान, स्वतंत्र निर्मात्यांनी केलेले, भीतीवर रचलेले, डायनोसॉर पाठीशी लागणारे आणि एका बैठकीत संपणारे खेळ, आणि त्यांविषयी खेळाडू जी मते देतात ती मते, एवढाच तो तुकडा.

प्रथम हा खेळाचा प्रकार काय आहे ते पाहू. खेळाडू त्याला 'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणतात. ह्यात नायक पराक्रमी नसतो. हाती शस्त्र अपुरे, गोळ्या मोजक्या, वाट अंधारी आणि शत्रू आपल्याहून बलवान, अशा स्थितीत जीव वाचवून बाहेर पडावयाचे असते. जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या 'रेसिडेंट ईव्हिल' ह्या 1996 सालच्या खेळाने हे नाव रूढ केले. त्याच कंपनीने 1999 साली शिंजी मिकामी ह्यांच्या दिग्दर्शनाखाली 'डिनो क्रायसिस' काढला आणि प्रेतांच्या जागी डायनोसॉर आणले. फरक मोठा पडला. चालते प्रेत संथ असते, त्याला चुकवून जाता येते. डायनोसॉर धावतो, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत मागे येतो. नायिका रेजिना जखमी झाली की तिचे रक्त ठिबकत राहते आणि मलमपट्टी करीपर्यंत बळ घटत जाते. दुसरा भाग 2000 साली आणि तिसरा 2003 साली आला. त्यानंतर दीर्घकाळ नवा भाग आला नाही. ज्यांनी बालपणी तो खेळ खेळला त्यांची भूक मात्र राहिली. ती भागविण्याचा यत्न पुढे लहान निर्मात्यांनी केला. हे निर्माते म्हणजे कधी एकटा माणूस, कधी चार-पाच मित्र. शेकडो माणसे आणि कोट्यवधींचे भांडवल त्यांच्यापाशी नसते. म्हणून त्यांचे खेळ लहान असतात.

डायनोसॉरची गोष्ट आपल्याला परकी नाही, हेही सांगितले पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले, आणि डायनोसॉरच्या काळी गवत होते हे 2005 साली जगाला कळले. त्याच परिसरातील डोंगरगावच्या टेकडीत मिळालेल्या लांब मानेच्या प्राण्याला 'इसिसॉरस' हे नाव आहे. तो पाला खाणारा होता, माणसामागे धावणारा नव्हे. आणि मराठवाड्याची भूमी ज्या काळ्या पाषाणावर उभी आहे तो पाषाण म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. डायनोसॉर नाहीसे झाले तो काळही तोच.

आता खेळाडूंची मते. अशा लहान खेळांविषयीची मते आम्ही तरुण मंडळींकडून वाचून घेतली, काही स्वतः वाचली. शब्द निरनिराळे असले तरी मुद्दे साधारण चारच असतात.

पहिला मुद्दा भीतीचा. ज्यांनी खेळाची वाखाणणी केली, त्यांनी बहुधा आवाजाची वाखाणणी केली आहे. डायनोसॉर दिसण्यापूर्वी त्याच्या नखांचा आवाज फरशीवर येतो, श्वास ऐकू येतो, आणि दिवा मालवावा की पळावे हे ठरेना होते. जनावर सारखे समोर दिसू लागले की भीती ओसरते, ही तक्रारही तितकीच आढळते. ज्याने अंधाऱ्या शिवारात बिबट्याची चाहूल घेतली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा मुद्दा खरेपणाचा. 1993 सालच्या 'ज्युरासिक पार्क' चित्रपटात माणसाच्या उंचीचे व्हेलोसिरॅप्टर दाखविले. हा प्राणी खरा पाहता टर्की कोंबड्याएवढा होता, आणि त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा असल्याचे 2007 साली सिद्ध झाले. काही खेळाडूंना पिसांचा खरा प्राणी हवा असतो, काहींना चित्रपटातला. दोघेही निर्मात्याला दोष देतात, आणि निर्माता दोघांनाही एकाच वेळी संतुष्ट करू शकत नाही.

तिसरा मुद्दा हाताळणीचा. नायक वळत नाही, दार अडते, खेळ मध्येच बंद पडतो, अशा तक्रारी असतात. ह्या तक्रारींचा निर्मात्याला सर्वांत अधिक उपयोग होतो, कारण त्या दुरुस्त करता येतात.

चौथा मुद्दा लांबीचा, आणि आमचे आजचे खरे प्रकरण हेच. 'खेळ चांगला आहे, पण दोन तासांतच संपला', हे वाक्य पुन्हापुन्हा येते. ते निरुपद्रवी दिसते. परंतु त्याच्यामागे बाजाराची जी यंत्रणा उभी आहे ती समजल्यावाचून त्याचे वजन कळत नाही.

संगणकावरील खेळांचे सर्वांत मोठे दुकान म्हणजे 'स्टीम'. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने ते 2003 साली सुरू केले. तेथे 2013 पासून गिऱ्हाइकांची मते नोंदविली जातात. मत देणाऱ्याने अंगठा वर करावयाचा किंवा खाली. सोबत चार शब्द लिहावेत, आणि त्याने किती तास खेळ खेळला तो आकडा यंत्र आपणहून शेजारी दाखविते. दहा मते जमली की दुकान त्या खेळावर पाटी लावते. शेकडा 70 ते 79 अंगठे वर असले तर पाटी 'बहुतांशी अनुकूल' अशा अर्थाची, आणि शेकडा 40 ते 69 असले तर 'संमिश्र' अशा अर्थाची. आता हिशेब करा. दहापैकी सात मते अनुकूल, म्हणजे शेकडा 70. अकरावा माणूस येऊन 'फार लहान आहे' म्हणून अंगठा खाली करतो. अकरापैकी सात म्हणजे शेकडा 63 आणि काही. एका माणसाने पाटी पालटली! मोठ्या कंपनीच्या खेळाला लाखभर मते पडतात, तेथे एका अंगठ्याने काही हलत नाही. लहान निर्मात्याच्या दारात मात्र प्रत्येक अंगठा मापातल्या मूठभर धान्यासारखा मोजला जातो.

दुसरी गोष्ट पैसे परत करण्याची. स्टीमने 2015 साली नियम केला की खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गिऱ्हाइकाने मागताच पैसे परत द्यावेत. हा नियम चांगला आहे, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. फसवे, अर्धवट, चालू न होणारे खेळ विकले जात, आणि गिऱ्हाईक हात चोळीत बसे. ऑस्ट्रेलियात तर तेथील ग्राहक आयोगाने 2014 साली व्हॉल्व्हवर खटला भरला, आणि परताव्याच्या हक्काविषयी ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून न्यायालयाने 2016 साली 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. गिऱ्हाईकही बहुधा कष्टकरीच असतो. त्याच्या पैशाचे रक्षण व्हावयासच पाहिजे.

परंतु जो खेळच दोन तासांच्या आत संपतो, त्याचे काय? 2021 च्या ऑगस्टमध्ये ह्या प्रश्नाला तोंड फुटले. 'एमिका गेम्स' ह्या नावाने काम करणाऱ्या निर्मात्याने 'समर ऑफ फिफ्टीएट' नावाचा एक लहान भयखेळ विकावयास ठेवला होता. त्यात डायनोसॉर नव्हते, ओसाड छावणीतले भुताटकीचे भय होते. परंतु जात तीच, आणि लांबी दोन तासांहून कमी. मते बहुतेक अनुकूल पडली. तरीही अनेकांनी खेळ शेवटपर्यंत पाहून पैसे परत घेतले. निर्मात्याने जाहीर केले की नव्या खेळासाठी पैसाच उरत नसल्यामुळे आपण अनिश्चित काळ हे काम सोडीत आहोत. खेळ आवडला हे मत एका खात्यात जमा झाले, आणि दाम दुसऱ्या खात्यातून निघून गेले.

विडी कामगारांत काम केलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटते. बाई हजार विड्या वळून नेते. ठेकेदार त्यांतल्या काही नापास म्हणून बाजूला काढतो, त्यांचे पैसे कापतो, आणि कित्येकदा त्या विड्या स्वतःजवळच ठेवून घेतो. माल गेला आणि मजुरीही गेली. हा अन्याय इतका सार्वत्रिक होता की 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात नापास विड्यांच्या तंट्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली. खेळ संपवून, आवडला असे लिहून, वर पैसे परत घेणारा खेळाडू ठेकेदाराइतका धूर्त नसतो. नियम परवानगी देतो म्हणून तो कळ दाबतो. पण निर्मात्याच्या पदरात पडणारे फळ तेच.

निर्मात्याला मिळते तरी किती, हेही पाहा. खेळाची किंमत 200 रुपये धरू. दुकानाचा वाटा सामान्यतः शेकडा 30, म्हणजे 60 रुपये. उरले 140, आणि त्यांतून कर वजा व्हावयाचे. मोठ्या विक्रीच्या खेळांना दुकान आपला वाटा कमी करून देते: 1 कोटी डॉलरच्या वरच्या विक्रीवर शेकडा 25, आणि 5 कोटींच्या वर शेकडा 20. म्हणजे ज्याच्यापाशी अधिक, त्याला सवलत अधिक. हा न्याय मोंढ्यातही आम्ही पाहिला आहे.

लांबीची तक्रार केवळ दोन तासांच्या खेळांपुरती नाही. आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या संस्थेतील मोजक्या मंडळींनी 'राजी' हा खेळ केला. 2017 साली लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा त्यांचा यत्न फसला, तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि 2020 साली खेळ बाजारात आला. हरवलेल्या भावाचा शोध घेणाऱ्या मुलीची ती कथा आहे. भिंतीवरची चित्रे, किल्ले, संगीत आणि छायाबाहुल्यांनी सांगितलेले प्रसंग ह्यांचे जगभर कौतुक झाले, आणि अमेरिकेतील 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्या वर्षीच्या पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याचे नाव निवडले गेले. पण खेळाडूंनी तक्रार काय केली? पाच-सहा तासांत संपतो, आणि शेवट अकस्मात होतो. ह्यांतली दुसरी तक्रार आम्हांला रास्त वाटते. ती कामाच्या गुणाविषयी आहे. पहिली नुसती घड्याळाविषयी आहे.

आणि घड्याळ हे सर्वच कामांचे माप नव्हे. मोंढ्यात हमाली पोत्यावर ठरते. चपळ हमालाने गाडी अर्ध्या तासात रिकामी केली म्हणून त्याचे दाम अर्धे करावे, असे कोणताही शहाणा अडत्या म्हणत नाही. आपल्या गावची यादवकालीन मंदिरे आणि तो उंच कोरीव स्तंभ पाहण्यास घटकाभर वेळ लागतो. घडविणाऱ्याचे श्रम त्या घटकेने कोणी मोजीत नाही. भीतीच्या खेळाला तर आखूडपणाच मानवतो. दोन तास जपलेला अंधार दहा तास ताणला की डायनोसॉर ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या जनावराची भीती वाटत नाही. लांबी वाढवा असे सांगणारे मत आणि भीती कमी झाली असे सांगणारे मत, ही पुष्कळदा एकाच खेळाडूची असतात.

मग खेळाडूने करावे काय? कोणाचेही तोंड बंद करावे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने पैसे दिले त्याला बोलण्याचा अधिकार आहे. फक्त मत देताना चार गोष्टी पाहाव्यात. खेळ किती लांब आहे हे विक्रीच्या पाटीवर आधी सांगितले होते काय? सांगितले असेल तर लांबीचा दोष देऊ नये. बिघाड असेल तर कोठे, केव्हा झाला ते लिहावे. नुसते 'भिकार' म्हटल्याने कोणाचेच भले होत नाही. खेळ चालला नाही किंवा फसवा निघाला तर पैसे निःशंक परत घ्यावेत. परंतु शेवटपर्यंत खेळला आणि आवडला, तर दाम राहू द्यावे. दुकानाकडेही एक मागणी करता येईल. खेळ पूर्ण केल्याची खूण यंत्राला ओळखता येते. लहान खेळांसाठी परताव्याची मुदत खेळाच्या लांबीच्या प्रमाणात ठेवणे अशक्य नाही.

घरोघरच्या आईबापांनाही एक विनंती. मुलगा रात्री डायनोसॉरपासून पळण्यात दंग असेल तर त्याला वेळेवर झोपवाच. पण सकाळी त्याला एवढे विचारा, की हा खेळ कोणी केला, किती जणांनी केला, आणि त्यांना तू काय दिलेस? परभणी जिल्ह्यातही संगणक शिकलेली मुले आहेत. उद्या त्यांतले कोणी असाच दोन तासांचा खेळ घडवील, आणि त्याच्या भाकरीचा हिशेब दूरदेशीच्या अनोळखी माणसांच्या अंगठ्यावर ठरेल. त्या माणसांकडून आपण जो न्याय मागू, तो आज आपण इतरांना द्यावा, एवढे निवेदन करून आम्ही आपली रजा घेतो.