नाताळची साफसफाई, घरातील कीड आणि घरात येणारे विष



वार्षिक अहवालात आर्थिक पत्रके व विभागवार कामकाज यांच्या जोडीला आरोग्यविषयक एखादा उपयुक्त लेख द्यावा, ही आपल्या संस्थेची प्रथा आहे. या वर्षी आम्ही एक घरगुती विषय निवडला आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात घरात वाढणारे उंदीर, झुरळे, ढेकूण व धान्यातील कीड यांचा बंदोबस्त कसा करावा, हा तो विषय होय. प्रशासन विभागातील आम्ही मंडळी वैद्यक जाणत नाही. दाखलपत्रे भरून घेणे, बिले तयार करणे, औषधांचा साठा मोजणे हे आमचे काम. परंतु दाखल होण्याचे कारण ज्या रकान्यात लिहिले जाते तो रकाना प्रथम आमच्याच नजरेखालून जातो, आणि त्या नोंदींनीच हा लेख आम्हांस लिहावयास लावला. यातील वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टरांनी तपासून दिला आहे.

डिसेंबर महिनाच का?

बुलढाणा जिल्ह्यात या दिवसांत तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली म्हणजे शेतमाल घरी येतो. सोयाबीनची पोती आलेली असतात, कापसाची वेचणी चालू असते आणि तुरीची कापणी सुरू होते. दुसरी म्हणजे थंडी पडते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली या भागांत ती विशेष जाणवते. उंदीर व झुरळे उबेसाठी चुलीजवळ, फ्रिजच्या मागे, धान्याच्या थप्पीत आसरा घेतात आणि माणसे दारे-खिडक्या घट्ट लावून झोपतात. तिसरी गोष्ट सणाची. खामगाव, बुलढाणा, चिखली येथील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळची तयारी चालते. मैदा, रवा, साखर, सुकामेवा भरला जातो, करंज्या, शंकरपाळे, केक होतात. माळ्यावरील सजावटीची खोकी खाली उतरतात, गव्हाणीच्या देखाव्यासाठी गवत किंवा कडबा आणला जातो आणि मुंबई-पुण्याहून मुलेबाळे, पाहुणे येतात.

धान्य, ऊब व गर्दी ही तिन्ही एकत्र आली की कीड आलीच. तिचा त्रास खरा आहे आणि तो दूर केलाच पाहिजे. मात्र आमच्या नोंदवहीत असे दिसते की, या दिवसांत किडीमुळे जेवढी माणसे गंभीर आजारी होऊन येतात, त्यांपेक्षा कीड मारण्यासाठी घरात आणलेल्या विषामुळे येणाऱ्यांची प्रकृती अधिक चिंताजनक असते. या लेखाचा सारा आशय एवढाच आहे.

एक रात्र

काही वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या आठवड्यात, पहाटेच्या सुमारास एक कुटुंब आमच्या अपघात विभागात आले. आई, वडील व दोन मुले, सर्वांना उलट्या, पोटात आग आणि छातीत घाबरल्यासारखे. रात्री फराळाचे खाल्ले होते, त्यातूनच विषबाधा झाली असावी, असे घरच्यांचे म्हणणे होते. कामावर असलेल्या डॉक्टरांनी विचारले, “घरात धान्य आहे का? त्यात काही ठेवले आहे का?” तेव्हा उलगडा झाला. पाहुणे येणार म्हणून मधली खोली रिकामी करून तुरीची पोती शेजारच्या खोलीत हलविली होती आणि कीड लागू नये म्हणून त्यांत कोणीतरी दिलेल्या गोळ्या ठेवल्या होत्या. दोन खोल्यांमध्ये पडदा होता, दार नव्हते. थंडीमुळे खिडक्या बंद होत्या.

आई-वडील व मोठी मुलगी बरी होऊन घरी गेली. धाकट्यास आम्ही वाचवू शकलो नाही. त्या बिलावर विश्वस्त मंडळाने पूर्ण सूट दिली. त्या कागदावर सही करताना आम्हांस जे वाटले ते कोणत्याही खतावणीत मांडता येत नाही.

ती गोळी नेमके काय करते?

धान्यात ठेवली जाणारी ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतील किंवा धान्यातील ओलाव्याशी संयोग होताच तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू बाहेर पडतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. त्यास लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो म्हणतात, पण वास आला नाही म्हणजे धोका नाही असे मुळीच नव्हे. तो हवेपेक्षा किंचित जड असून दाराखालच्या फटीतून व भिंतीच्या भेगांतून शेजारच्या खोलीत जातो. थंडीत गोळी सावकाश विरघळते, म्हणून ती एका रात्रीत संपत नाही, कित्येक दिवस वायू सोडीत राहते. शरीरातील पेशींचा श्वासच तो कोंडतो आणि हृदयावर त्याचा सर्वांत मोठा आघात होतो. त्यावर उतारा असलेले औषध आजही नाही. रक्तदाब, श्वास व हृदय सांभाळीत राहणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

याच कारणास्तव या रसायनाची धूरी केवळ शासकीय यंत्रणा वा मान्यताप्राप्त कीडनियंत्रक यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यावी, असा आपल्या देशातील नियम आहे. १० व २० गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ सालीच बंदी आली. गोदामात, ताडपत्रीखाली, माणसांची वस्ती नसलेल्या जागी करावयाचे हे काम आहे. राहत्या घरात ही गोळी एकसुद्धा असू नये.

इतर विषांविषयी थोडक्यात

उंदीर मारण्याच्या औषधांतही फरक आहे. झिंक फॉस्फाइडची काळी भुकटी पोटात गेल्यास तेथील आम्लाशी मिळून तोच फॉस्फीन वायू तयार होतो. पिवळ्या फॉस्फरसचे मलम दिसावयास टूथपेस्टसारखे असते. ते पोटात गेलेला रुग्ण पहिले एक-दोन दिवस ठीक वाटतो, घरचे निर्धास्त होतात आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. रक्त पातळ करणाऱ्या वड्यांचा परिणामही काही दिवसांनी रक्तस्रावाच्या रूपाने दिसतो, पण त्यावर ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. म्हणून कोणते औषध होते हे कळणे फार महत्त्वाचे ठरते. ही औषधे पोळी, टोमॅटो किंवा लाडवात घालून ठेवण्याची रीत आहे. फराळाचे डबे उघडे असणाऱ्या, मुलांनी भरलेल्या घरात याहून धोक्याची रीत नाही.

डांबरगोळीचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. हिवाळ्यात पेटीतून काढलेल्या गोधड्या, स्वेटर, शाली यांना तिचा वास असतो. काही बालकांच्या शरीरात जन्मतः जी-६-पीडी नावाच्या द्रव्याची कमतरता असते. अशा तान्ह्या बाळास डांबरगोळीतील कपड्यांत गुंडाळल्यास त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. म्हणून असे कपडे धुऊन व उन्हात पुरते वाळवूनच बाळासाठी वापरावेत.

विषाविना बंदोबस्त

घर निर्धोक ठेवण्याचे उपाय आपल्या आजी-पणजींना ठाऊक होते. त्यांतील बहुतेक आजच्या शास्त्रासही मान्य आहेत.

१. धान्य खडखडीत वाळवावे. दाणा दातांखाली ‘कट्’ असा फुटला पाहिजे. ओलसर धान्यातच किडीची वाढ होते. तुरीवरील भुंगा शेतातच शेंगांवर अंडी घालतो व मालासोबत घरी येतो. त्यामुळे ऊन देण्यास पर्याय नाही.

२. घरच्यापुरत्या तुरीची लवकर डाळ करून घ्यावी. भुंग्यास अख्खा दाणा अधिक मानवतो. अख्खी तूर ठेवावयाची झाल्यास किलोस लहान चमचाभर खाद्यतेल चोळून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरावी.

३. पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत. खाली लाकडी फळ्या व भिंतीपासून हातभर अंतर असावे.

४. घरातील उंदराचे पिल्लू पेन्सिलीच्या जाडीच्या फटीतूनही आत शिरते. दाराखालच्या फटी, मोरीचे तोंड, पाईपभोवतीची भोके सिमेंट व लोखंडी जाळीने बुजवावीत. आत आलेल्या उंदरासाठी पिंजरा पुरेसा आहे.

५. मैदा-रवा लागेल तेवढाच आणावा, चाळून घट्ट डब्यात ठेवावा. रवा भाजून ठेवल्यास अधिक टिकतो. फराळाचे डबे रात्री उघडे ठेवू नयेत, खरकटी भांडी तशीच ठेवू नयेत.

६. गव्हाणीसाठीचे गवत दोन दिवस उन्हात पसरून, झटकून मगच घरात आणावे. माळ्यावरील खोकी अंगणात उघडावीत, त्यांत विंचू असू शकतो. विजेच्या माळांची वायर उंदरांनी कुरतडलेली नाही ना, हे आधी पाहावे.

७. पाहुण्यांच्या सामानातून ढेकूण येतात. अंथरुणे-पांघरुणे कढत पाण्यात धुवावीत आणि पलंगाच्या फटींत उकळते पाणी ओतावे.

८. कापूस शक्यतो झोपण्याच्या खोलीत साठवू नये. २०२२-२३ च्या हंगामात भाव वाढेल या आशेने अनेक शेतकऱ्यांनी तो घरातच ठेवला आणि अंगास खाज सुटल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी आल्या. शेतकऱ्याची अडचण आम्ही जाणतो, परंतु निदान मुलांची अंथरुणे तरी त्या खोलीबाहेर असावीत.

उंदरांकडे दुर्लक्ष करावे असे आम्ही म्हणत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यात ओस पडलेल्या घरांत धान्य राहून गेले, त्यावर उंदीर वाढले आणि १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, असा संबंध अनेक तज्ज्ञांनी जोडला आहे. धान्य झाकलेले असेल तर उंदीर वाढत नाहीत, हा त्यातील धडा. दुसरीकडे, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. मोकळ्या शेतात जर हे घडते, तर बंद खोलीत काय होईल, याचा विचार सुज्ञांनीच करावा.

विषबाधेची शंका आल्यास

सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. दूध, तूप, तेल देऊ नये, काही विषे त्यामुळे अधिक शोषली जातात. औषधाचे पाकीट सोबत आणावे. रुग्ण बरा दिसत असला तरी घरी थांबू नये. दिल्ली येथील एम्सच्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असा आहे. आणि कृपया काही लपवू नये. आपण खरे सांगितल्यास डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो, दोष देण्यासाठी येथे कोणी बसलेले नाही.

देणगीदारांस एक विनंती

दर हिवाळ्यात आपण प्रसूती विभागासाठी ब्लँकेटे व लोकरी कपडे पाठविता. त्यांची ऊब अनेक नवजात बालकांना लाभते व त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. यापुढे त्या गठ्ठ्यांत डांबरगोळ्या टाकू नयेत, ही नम्र विनंती. तसेच ज्यांना शक्य असेल त्यांनी एखाद्या गरजू कुटुंबास घट्ट झाकणाची धान्याची कोठी द्यावी. हिशेबाच्या दृष्टीने पाहता, एका कोठीचा खर्च हा अतिदक्षता विभागातील एका दिवसाच्या खर्चापुढे अल्प आहे, आणि ती अनेक वर्षे टिकते.

ज्या खाटा रिकाम्या राहाव्यात अशी इच्छा धरावी, अशाही खाटा रुग्णालयात असतात. येत्या नाताळात त्या रिकाम्या राहोत, आपल्या घरचे धान्य सुरक्षित राहो आणि घरातील मुले त्याहून सुरक्षित राहोत, हीच प्रार्थना.