विश्लेषण : पतीवियोग आणि रजोनिवृत्ती एकाच वेळी... त्रास कशाचा, हे ओळखायचे कसे?

पतीच्या निधनानंतर झोप उडाली, छातीत धडधडते, साध्या गोष्टी लक्षात राहत नाहीत, अशी तक्रार पंचेचाळिशी-पन्नाशीतील स्त्रीने घरात केली, तर 'दुःख आहे, हळूहळू कमी होईल' असे सांगितले जाते. तीच तक्रार दवाखान्यात केली, तर 'या वयात असे व्हायचेच' असे ऐकायला मिळते. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत. वियोगाचे दुःख आणि रजोनिवृत्ती एकत्र आल्या की एकीची लक्षणे दुसरीच्या आड दडतात आणि उपचार होऊ शकणारा त्रास स्त्री वर्षानुवर्षे अंगावर काढते.

दोन्ही गोष्टी एकाच वयात का येतात?

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडते. पाश्चात्त्य देशांत हे वय ५१ च्या आसपास आहे. त्याआधीची काही वर्षे पाळी अनियमित होते. हा संक्रमणकाळ अनेकींमध्ये चाळिशीतच सुरू होतो. आपल्याकडे पती बहुधा वयाने मोठा असतो. हृदयविकार, मधुमेह, व्यसने, अपघात यांमुळे पन्नाशीतील पुरुष दगावल्यास मागे राहणारी पत्नी नेमकी याच टप्प्यावर असते. मुले दहावी-बारावीत किंवा नोकरीच्या शोधात असतात आणि सासू-सासरे थकलेले असतात. स्वतःच्या तब्येतीकडे बघायला तिला वेळही नसतो आणि मोकळीकही.

रजोनिवृत्तीत शरीरात नेमके काय घडते?

बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक संक्रमणकाळात कधी वाढते, कधी एकदम घसरते आणि अखेर कमी पातळीवर स्थिरावते. या संप्रेरकाचे काम गर्भाशयापुरते नसते. मेंदूतील तापमान नियंत्रणाचे केंद्र, झोप, मनःस्थिती, हाडे आणि रक्तवाहिन्या या सर्वांवर त्याचा प्रभाव असतो. म्हणूनच अंगातून एकदम गरम वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, चिडचिड, विसराळूपणा, सांधेदुखी, लघवीची जळजळ, योनीमार्गाचा कोरडेपणा असा वरकरणी संबंध नसलेला त्रास एकत्र होतो. तो दोन-चार महिन्यांत संपतोच असे नाही. अमेरिकेतील स्त्रियांच्या एका दीर्घकालीन पाहणीत गरम वाफांचा त्रास निम्म्याहून अधिक जणींना सात वर्षांपेक्षा जास्त काळ झाल्याचे आढळले होते.

दुःखाचा शरीरावर काय परिणाम होतो?

जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर शरीर दीर्घकाळ ताणाच्या अवस्थेत राहते. भूक मंदावते, झोप तुटक होते, रक्तदाब आणि साखर वरखाली होते, प्रतिकारशक्ती घटते. जोडीदाराच्या निधनानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याच्याही मृत्यूचा धोका वाढतो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. त्यामागे ताणाबरोबरच साधी कारणेही असतात. स्वतःची औषधे चुकतात, जेवण टळते, तपासण्या पुढे ढकलल्या जातात. संक्रमणकाळात नैराश्याची जोखीम तशीही वाढलेली असते. त्यात वियोगाची भर पडली की ती आणखी वाढते.

दोन्हींतील फरक कसा ओळखायचा?

पूर्ण वेगळेपणा करता येत नाही, पण काही खुणा उपयोगी पडतात. दुःखाचा कढ बहुधा कशाने तरी येतो : एखादा वास, सणाचा दिवस, दारातील चपला, फोनमधील जुना फोटो. गरम वाफ मात्र कसलीही आठवण नसताना, भाजी निवडतानाही येते. ती छातीतून मानेकडे आणि चेहऱ्याकडे चढते, काही मिनिटे राहते आणि मग घाम येऊन थंडी वाजते. विचारांनी झोप लागत नसेल तर दुःखाकडे, झोप लागून घामाने वारंवार जाग येत असेल तर संप्रेरकांकडे बोट जाते. महिनाभर एका वहीत पाळीची तारीख, झोप, वाफा आणि मनःस्थिती यांची रोज एका ओळीत नोंद ठेवली, तर डॉक्टरांचे काम बरेच सोपे होते.

याशिवाय थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता आणि मधुमेह यांचीही लक्षणे अशीच असतात. त्यामुळे या साध्या रक्ततपासण्या आधी करून घेणे योग्य. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पाळीची खूण उपलब्धच नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला होता. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले असतील, तर रजोनिवृत्ती वयाची वाट न पाहता लगेच येते. जुनी कागदपत्रे डॉक्टरांना दाखवणे म्हणून महत्त्वाचे.

छातीत दुखले तर 'धसका' म्हणून सोडून द्यावे का?

अजिबात नाही. 'धसका घेतला' हा शब्दप्रयोग मराठीत जुना आहे आणि त्याला वैद्यकीय आधारही आहे. तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा अचानक फुगून अशक्त होतो. या विकाराचे वर्णन सर्वप्रथम जपानमध्ये झाले. फुगलेला कप्पा तेथील ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला 'ताकोत्सुबो' हे नाव मिळाले. याचे बहुसंख्य रुग्ण रजोनिवृत्ती होऊन गेलेल्या स्त्रिया असतात. लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात आणि फरक रुग्णालयातील तपासण्यांनीच कळतो. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे असू शकतात. त्यामुळे छातीत दुखणे, दम लागणे, भोवळ येणे यासाठी पाणी पाजून झोपवण्याऐवजी तातडीने रुग्णालय गाठावे.

दुःख किती काळ स्वाभाविक मानायचे?

दुःखाचे पाच टप्पे ठरलेले असतात, असा समज रूढ आहे. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले, ते मृत्यूच्या दारातील रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्याच क्रमाने जावे, असा नियम नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेले चित्र अनुभवाच्या जास्त जवळचे आहे. माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांच्यामध्ये ये-जा करत राहतो. सकाळी रडलेली बाई दुपारी बँकेत जाऊन व्यवस्थित सही करते, संध्याकाळी नातवंडाशी हसते. यात दुःख कमी असल्याचा पुरावा शोधू नये.

मात्र सहा महिने उलटूनही ओढ तितकीच तीव्र असेल, मृत्यू घडला हेच मन स्वीकारत नसेल आणि रोजची कामे ठप्प असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याला 'दीर्घकालीन शोकविकार' म्हटले आहे. तो समुपदेशनाने बरा होऊ शकतो. जगण्याची इच्छा उरली नाही, असे शब्द तोंडून आले तर सहा महिन्यांची वाट पाहू नये.

उपचार कोणते?

गरम वाफा आणि रात्रीचा घाम यांवर संप्रेरक उपचार सर्वांत प्रभावी ठरतात. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांना ते सहसा दिले जात नाहीत. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय ते घेऊ नयेत. नैराश्यावरील काही औषधांनी वाफाही कमी होतात. दोन्ही त्रास एकत्र असलेल्या स्त्रीला त्यांचा दुहेरी उपयोग होऊ शकतो. शेजारणीकडून आणलेली झोपेची गोळी महिनोन्महिने घेत राहणे मात्र घातक. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोजचे चालणे हवे. पाळी वर्षभर थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो थोडा असला तरी तपासून घ्यायलाच हवा. कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते.

कुटुंबाने काय करावे?

तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. खरी गरज त्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून वर्षश्राद्धापर्यंत असते. 'काही लागले तर सांग' म्हटल्यावर फारशी कोणी सांगत नाही. 'गुरुवारी दवाखान्यात मी बरोबर येते', 'या आठवड्याचा किराणा मी भरतो', असे ठरलेले काम उचलावे. गेलेल्या माणसाचे नाव टाळू नये. मुलांना 'आता घरातला कर्ता तूच' असे सांगून त्यांचे रडणे थांबवू नये. मुलगा गमावलेली सासूही त्याच घरात शोकात असते. सून आणि सासू यांच्या दुःखाची तुलना घर आणखी दुभंगवते.

रूढींचा भारही तब्येतीवर येतो. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड (ता. शिरोळ) ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा आदर्श घेण्यास सांगितले. हळदीकुंकवाला न बोलावलेली स्त्री चारचौघींत मिळणाऱ्या आधारालाही मुकते.

पैशांची चिंता कशी हलकी होईल?

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी. पुढची सर्व कामे त्या दाखल्यावर चालतात. पतीच्या बँक पासबुकात ४३६ रुपयांची वार्षिक कपात दिसली, तर ती पंतप्रधान जीवनज्योती विम्याची असू शकते. त्यात वारसाला दोन लाख रुपये मिळतात. वीस रुपयांची कपात अपघात विम्याची असू शकते. दारिद्र्यरेषेखालील घरातील १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात. निराधार विधवांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र नसेल तर पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि पतीची आई यांचा समान हक्क असतो. शेतीसाठी तलाठी कार्यालयात वारस नोंद करावी. शोकाच्या दिवसांत हक्कसोड पत्रावर घाईने सही करू नये.

मदत कुठे मिळेल?

'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तेथे चोवीस तास मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार आणि स्त्रीरोग असे दोन्ही विभाग असतात. कुठल्याही विभागात केसपेपर काढला तरी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दोन तारखा सांगाव्यात : घरातले माणूस कधी गेले आणि शेवटची पाळी कधी आली होती.