पायांतील बळ का ओसरते?

नागपूरच्या लकडगंजने लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्या यांच्याबरोबरच ओझे वाहणाऱ्यांच्याही कित्येक पिढ्या पाहिल्या. डोक्याखांद्यावर लाकूड वाहून ज्यांनी संसार उभे केले, त्यांतील अनेकांचे आता वय झाले आहे. अशा घरात कोणी चालताना अडखळू लागले, कोणाच्या हातून पेला निसटू लागला, की ‘आता वय झालं’ एवढे म्हणून विषय संपवला जातो. वाचकहो, तो इतक्यात संपवू नये. अशक्तपणाची काही कारणे वेळीच ओळखली तर आजार रोखता येतो. उशीर झाल्यास गेलेली शक्ती पुरती परत येत नाही.

दोष नेमका कोठे?

मेंदूची आज्ञा मज्जारज्जूतून खाली येते. साधारण करंगळीएवढ्या जाडीचा हा दोर मणक्यांच्या पोकळीतून कमरेच्या वरच्या भागापर्यंत उतरतो. तेथून निघालेल्या नसा ती आज्ञा स्नायूंना पोहोचवतात. मज्जारज्जू दाबला गेला किंवा हळूहळू बिघडला, तर पाय बहुधा ताठ व जड होतात. स्नायूंचा आकार मात्र बराच काळ टिकतो. नसांत किंवा स्नायूंत दोष असल्यास अवयव सैल पडतो आणि मांस झडत जाते. काही आजारांत दोन्ही लक्षणे एकत्र दिसतात.

लाखोळीचा धडा

हा फरक विदर्भाला नवा नाही. दुष्काळात इतर पिके बुडत, तेव्हा लाखोळी तग धरी आणि गरिबांच्या ताटात महिनोन्‌महिने तीच डाळ येई. तिच्यातील एका विषारी द्रव्याने मज्जारज्जूतील आज्ञा वाहणारे तंतू निकामी होतात. पाय ताठरतात, चवड्यांवर चालावे लागते, आधी एक काठी, मग दोन काठ्या आणि अखेर सरपटणे नशिबी येते. या रोगात बुद्धी आणि स्पर्शज्ञान सहसा शाबूत राहते. पण गेलेली चाल परतत नाही. १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. ती उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी दीर्घ लढा दिला. आता विषद्रव्य कमी असलेली वाणे उपलब्ध आहेत. तरीही कोणत्याही एकाच डाळीवर दीर्घकाळ विसंबू नये, हा धडा कायम आहे.

रोखता येणारी कारणे

उतारवयात मज्जारज्जूवर दाब येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज. वर्षानुवर्षे डोक्यावर ओझे वाहिल्याने ती लवकर होऊ शकते. मान दुखेलच असे नाही. सदऱ्याची बटणे लावणे अवघड जाते, अक्षर बिघडते, तोल जातो. घरी एक साधी पारख करता येते : दहा सेकंदांत मूठ किती वेळा पूर्ण उघडता-मिटता येते ते मोजावे. निरोगी माणूस सुमारे वीस वेळा ते करतो. संधिवातानेही हा आकडा घटतो. म्हणून त्यावरून निदान करू नये, डॉक्टरांना सांगावे.

दुसरे कारण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शुद्ध शाकाहारी मंडळी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारे यांनी रक्ततपासणीविषयी विचारावे. तिसरे कारण मणक्याचा क्षयरोग. न थांबणारी पाठदुखी, बारीक ताप आणि घटते वजन ही त्याची खूण होय.

मांस झडू लागते तेव्हा

वयाबरोबर स्नायू काहीसे रोडावतातच. पुरेशी प्रथिने आणि झेपेल असा बळ वाढवणारा व्यायाम यांनी ही घट बरीच रोखता येते. परंतु एकाच हाताचा पंजा खंगणे, स्नायूंत सतत फडफड होणे, गिळताना ठसका लागणे ही लक्षणे चेतापेशींच्या आजाराची असू शकतात. जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकावे लागणे हे स्नायूंच्या आजारात दिसते; थायरॉईडचा विकार किंवा काही औषधेही त्यामागे असू शकतात. अनुवंशिक स्नायुक्षय पुरता बरा होत नाही. तथापि श्वसन, हृदय आणि सांध्यांची काळजी घेतल्यास आयुष्य सुसह्य होते.

थांबू नये असे प्रसंग

लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, बैठकीचा भाग बधिर होणे, पडल्यानंतर हातपाय न हलणे, पायांतील शक्ती काही तासांत वा दिवसांत ओसरणे : यांपैकी काहीही घडले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मानेला मार लागला असल्यास रुग्णाला ओढून बसवू नये. निदान होईपर्यंत मान किंवा पाठ कोणाकडूनही ‘बसवून’ घेऊ नये.

सेवा करणाऱ्यांसाठी

अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड आणि टाचा रोज पाहाव्यात. खाताना त्यांना ताठ बसवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्नायुक्षयाचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. डॉक्टरांकडे जाताना त्रास केव्हा सुरू झाला, कोणत्या बाजूने, आणि कोणते काम जमेनासे झाले, हे तारखांसह लिहून न्यावे. आपली ही नोंद निदानाला मोठी मदत करते.