तो पूल कुणी पाडला नाही

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं साखरा. इथून समुद्र चारशे किलोमीटरहून दूर. बार्ज आणि टग हे शब्द इथल्या रोजच्या बोलण्यातले नाहीत. पण मोबाइलला अंतर नसतं. रात्रीच्या काळोखात एक प्रचंड जहाज येतं, त्याचे दिवे जातात, येतात, पुन्हा जातात. जहाज पुलाच्या खांबाला भिडतं आणि काही सेकंदांत पुलाचा पोलादी सांगाडा पाण्यात जातो. ही चित्रफीत मराठवाड्यातल्या गावागावांत पोचली आणि तिच्यासोबत एक वाक्यही पोचलं: ‘हा अपघात नाही, ठरवून केलंय.’

चित्रफीत खरी आहे. 26 मार्च 2024 च्या मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमारास, अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदराजवळ ‘डाली’ हे तीनशे मीटर लांबीचं कंटेनर जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळलं. पुलावर रस्तादुरुस्ती करणारे 6 कामगार मरण पावले. चित्रफितीसोबतचं वाक्य मात्र खोटं आहे. पूर्ण तपासाचा निष्कर्ष जाहीर झाल्यावरही ते थांबलेलं नाही, म्हणून त्याची नीट झडती घ्यायला हवी.

घातपाताचा दावा तीन गोष्टींवर उभा आहे. दिवे नेमके तेव्हाच कसे गेले? जहाज नेमकं खांबाकडेच कसं वळलं? आणि एवढा मोठा पूल पत्त्यांच्या बंगल्यासारखा कसा कोसळला?

दिव्यांचं उत्तर साखऱ्याच्या शेतकऱ्याला तरी अवघड जाऊ नये. विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये एखादी तार सैल राहिली की मोटार बंद पडते. कधी दोन महिने चालते, कधी ऐन पाण्याच्या पाळीला दगा देते. डालीवर तेच झालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जवळपास वीस महिने तपास करून 18 नोव्हेंबर 2025 रोजी कारण जाहीर केलं. जहाजातल्या हजारो तारांपैकी एका तारेवर तिची ओळख सांगणारी छोटी नावपट्टी चुकीच्या जागी बसवली होती. त्या पट्टीमुळे तारेचं टोक जोडणीत पूर्ण आत गेलं नव्हतं. तार सैल झाली, ब्रेकर पडला आणि जहाज अंधारात गेलं. जहाजाला किनाऱ्यावरून वीज मिळत नाही, त्याची वीज त्याच्याच जनरेटरवर चालते. ती गेली की सुकाणू हलवणारे पंप बंद पडतात, मुख्य इंजिनही थांबतं.

मग वीज परत आली आणि पुन्हा गेली ती कशी? दावा करणारे नेमकं इथेच बोट ठेवतात. दोन जनरेटरना इंधन पुरवायला जो पंप वापरात होता, तो मुळात त्या कामासाठी नव्हता. वीज गेल्यावर तो आपोआप सुरू होत नव्हता. ज्यांच्या स्टार्टरला ऑटो स्विच नाही त्यांना ही अडचण ठाऊक आहे. वीज येते, पण कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत मोटार गप्पच राहते. इंधन तुटलं, जनरेटर बसले, पुन्हा अंधार झाला. निघण्याच्या आदल्या दिवशी बंदरात असतानाही या जहाजाची वीज दोनदा गेली होती. हे सगळं हलगर्जीपणाकडे बोट दाखवतं. कटाकडे नाही.

आता वळण. जहाजाचं सुकाणू पंख्याने मागे फेकलेल्या पाण्यावर काम करतं. पंखा थांबला की सुकाणूची ताकद बरीचशी जाते, आणि इथे तर ते हलवायला सलग वीजही नव्हती. बंदरातून बाहेर काढणारे टग, म्हणजे ओढबोटी, काम संपवून परत गेले होते. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा पूल साधारण एक किलोमीटरवर होता आणि धडकेला जेमतेम चार मिनिटं उरली होती. भरलेली उसाची ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटून उताराला लागली, तर ती कुठे जाईल हे तिचं वजन आणि उतार ठरवतात. डालीला वजन, वेग आणि पाण्याचा ओढा जिकडे नेईल तिकडे ते गेलं.

आणि कोसळणं. इथे लोकांचा अंदाज सपशेल चुकतो, कारण डोळा वेग पाहतो, वजन पाहत नाही. धडकेच्या वेळी डालीचा वेग ताशी 12 किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे सायकलचा. पण त्याचं वजन एक लाख टनांहून अधिक होतं. साधं गणित केलं तर 40 टनांचा मालट्रक ताशी 80 किलोमीटर वेगाने आदळल्यावर जेवढी ऊर्जा लागते, तशा पन्नासहून जास्त ट्रकांची ऊर्जा त्या एका खांबावर एका क्षणी आली. पुलाचा वरचा सांगाडा सलग एकसंध होता. त्याचं वजन ज्या मोजक्या खांबांवर तोललेलं होतं त्यातला एक निघाला, म्हणून शेजारचे भागही ओढले गेले. त्यासाठी बॉम्ब लागत नाही. चित्रफितीत दिसणाऱ्या ठिणग्या पुलावरून जाणाऱ्या विजेच्या तारा तुटल्याच्या आहेत.

घटनेनंतर काही तासांतच अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, एफबीआयने, दहशतवादाशी संबंध असल्याचा विश्वासार्ह पुरावा नसल्याचं सांगितलं. पण तासाभरात तयार झालेली गोष्ट तोवर जगभर फिरली होती. सायबर हल्ला, शत्रुराष्ट्र, कप्तान फितूर, जो तो आपल्या मर्जीचा खलनायक घालत होता.

यातल्या एका खलनायकाबद्दल भारतीय वाचकाने तरी संतापायला हवं. जहाजावर 21 जणांचा ताफा होता, त्यातले 20 भारतीय आणि 1 श्रीलंकेचा. बातमी फुटताच त्यांना अडाणी, घाबरट ठरवणारी व्यंगचित्रं निघाली. वस्तुस्थिती अशी की जहाजावर बाल्टिमोरचे दोन स्थानिक पायलट, म्हणजे जलमार्गाचे वाटाडे, होते आणि त्या मार्गावर जहाज त्यांच्याच सूचनांनुसार चालत होतं. अंधार पडल्यावर नांगर टाकला गेला, धोक्याचा संदेश गेला आणि पोलिसांनी पुलाच्या दोन्ही टोकांची वाहतूक थांबवली. त्यामुळे धडकेच्या क्षणी पुलावर वाहतूक नव्हती. सहा कामगारांपर्यंत मात्र इशारा वेळेत पोचला नाही. चुकीचा पंप वापरण्याची पद्धत, तारांच्या तपासणीतली ढिलाई यांचा दोष तपासात नोंदलेला आहे आणि तो नोंदायलाच हवा. पण अनेक आठवडे जहाजावरच अडकून पडलेल्या खलाशांना जगाने तपासाआधीच शिक्षा सुनावली, हे अन्यायाचं होतं.

मग 15 मे 2024 ला टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन इथे एक बार्ज पेलिकन बेटाकडे जाणाऱ्या किनारी पुलावर आदळला. पुलालगतच्या वापरात नसलेल्या रेल्वेमार्गाचा काही भाग त्यावर पडला, तेल सांडलं. ‘दोन महिन्यांत दोन पूल, हा योगायोग कसा?’ ही चर्चा लगेच सुरू झाली. बार्ज म्हणजे सपाट तळाचा, माल वाहणारा मोठा तराफा. बहुतेकदा त्याला स्वतःचं इंजिन नसतं, टग त्याला ढकलतो किंवा ओढतो. जोराच्या प्रवाहात टगचा ताबा सुटला की तो मोकाट जातो. गॅल्व्हेस्टनला हेच झालं. जलवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नोंदीनुसार 1960 ते 2015 या काळात जहाज किंवा बार्ज आदळून जगभरात 35 मोठे पूल कोसळले आणि 342 माणसं गेली. त्यातले 18 एकट्या अमेरिकेतले आहेत. अशा धडका पूर्वीपासून होत आल्या आहेत, चित्रफिती तेवढ्या नव्या.

किरकोळ समज एकेका ओळीत निघतील.

‘नांगर टाकला असता तर थांबलं असतं.’ टाकला होता. लाख टनांचं चालतं जहाज नांगराने चार मिनिटांत थांबत नाही. आपल्याच किनाऱ्यावर मे 2021 च्या तौक्ते चक्रीवादळात पी-305 या बार्जचे नांगर तुटले, 261 माणसांसह तो भरकटला आणि तेलक्षेत्रातल्या एका प्लॅटफॉर्मवर आदळून बुडाला.

‘बांधकामच कच्चं होतं.’ 1977 साली खुला झालेला हा पूल वाहतुकीच्या दृष्टीने ठीक स्थितीत होता. कमी पडलं ते खांबांभोवतीचं संरक्षण. 1980 साली याच पुलाला एक जहाज थडकलं होतं आणि पूल उभा राहिला, पण डाली त्या जहाजाच्या साधारण दहापट मोठं होतं.

‘पूल म्हणजे वाहत्या पाण्यातलं धूड, धक्का लागला की जाणारच.’ बांगलादेशातल्या पद्मा पुलाच्या खांबांवर 2021 साली काही आठवड्यांत अनेकदा फेरी बोटी आदळल्या. पूल जागचा हलला नाही आणि 25 जून 2022 ला त्याचं उद्घाटन झालं.

त्या पद्मा पुलाची दुसरी आठवण मात्र ओळीत संपवता येत नाही. 2019 च्या जुलैमध्ये ‘पुलाला माणसांची मुंडकी लागतात’ अशी अफवा तिथे उठली आणि मुलं पळवणारे समजून जमावाने निरपराध माणसं मारली. नवा पूल नरबळी मागतो ही भाकडकथा आपल्याकडेही जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या 5 जणांना जमावाने ठार केलं. अफवेमुळे महाराष्ट्रात माणसं मेलेली आहेत. ‘नुसतं फॉरवर्ड केलं, त्यात काय’ हे म्हणणं म्हणूनच ऐकून घेण्यासारखं नाही.

घातपाताच्या गोष्टीने आणखी एक नुकसान होतं. खरे प्रश्न मागे पडतात. फ्लोरिडातल्या सनशाइन स्कायवे पुलावर 9 मे 1980 ला जहाज आदळून 35 जण गेले, त्यानंतर नवा पूल बांधताना खांबांभोवती धक्का झेलणारी काँक्रीटची बेटं उभारली गेली. पुढे धडकेचा धोका मोजण्याची रीतही ठरली. बाल्टिमोरच्या पुलासाठी ती आकडेमोड झालीच नव्हती. ती झाली असती, तर धोका मान्य मर्यादेच्या जवळपास तीसपट निघाला असता, असं सुरक्षा मंडळाने मार्च 2025 मध्ये सांगितलं आणि अमेरिकेतल्या आणखी 68 पुलांची तपासणी करण्याची शिफारस केली. बॉम्ब शोधत बसणाऱ्याला हा प्रश्न सुचत नाही.

दुसरा प्रश्न पुलावरच्या माणसांचा आहे. टेक्सासमधला क्वीन इझाबेला पूल 15 सप्टेंबर 2001 च्या पहाटे बार्ज आदळून तुटला. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला चारच दिवस झाले होते, त्यामुळे मनात पहिली शंका कोणती आली असेल हे वेगळं सांगायला नको. पण तिथे आठ जीव गेले ते अंधारात तुटलेल्या पुलावर गाड्या जात राहिल्यामुळे. महाडजवळ सावित्री नदीवरचा 1928 चा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, तेव्हाही तेच झालं. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या माणसांसह त्या पाण्यात गेल्या. जवळच्या गॅरेजातल्या एका कामगाराला पूल गेल्याचं दिसलं आणि त्याने आरडाओरडा करून खबर दिली, म्हणून मागची वाहनं थांबली.

साखऱ्याच्या परिसरातही पावसाळ्यात ओढ्यानाल्यांचे पूल पाण्याखाली जातात. पूल खचलेला, तुटलेला किंवा बुडालेला दिसला, तर चित्रफीत काढण्याआधी दोन्ही बाजूंची वाहनं थांबवा आणि 112 वर फोन करा.