दोन बेटांवर जगणारं पाखरू

किकवीहून भोर-वेल्ह्याच्या घाटरानात गेलं, की पाचोळ्यातून दाणे टिपत चालणारा पाचू कवडा कधीमधी दिसतो. असाच जमिनीवर चरणारा त्याचा थोराड भाऊबंद म्हणजे निकोबारी कबूतर. हिरवी-तांबूस झळाळी, मानेवर लांब पिसांची झालर, शेपूट पांढरंशुभ्र. त्याची पेषणी इतकी दणकट, की कठीण कवचाच्या बियाही भरडल्या जातात. हयात पक्ष्यांत डोडोचा सर्वांत जवळचा नातलग हाच, हे २००२ साली डीएनएवरून कळलं.

त्याच्या जगण्याची मेख वेगळीच आहे. घरटी थव्याने, बहुधा माणूस नसलेल्या लहान बेटांवर. तीही एकेका अंड्याची. पोट भरायला मात्र समुद्र ओलांडून मोठ्या बेटांच्या जंगलात यायचं. यातलं एक गेलं तर दुसरं असून उपयोग नाही.

अशाच एका मोठ्या बेटाच्या, ग्रेट निकोबारच्या, पूर्व किनाऱ्यावर १९६९पासून माजी सैनिकांची तीनशेहून अधिक कुटुंबं वसवली गेली. पंजाबी जास्त, पण महाराष्ट्रातलीही होती. जंगल तोडून नारळ-सुपारीच्या बागा उभ्या राहिल्या. त्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. सरकारने बोलावलं म्हणून ती गेली. तिथल्या मूळच्या शॉम्पेन आणि निकोबारी लोकांना कोणी विचारलं होतं, हा प्रश्न मात्र उरतोच.

नंतरची तीन दशकं संरक्षणाची. १९७२च्या वन्यजीव कायद्यात कबुतराला पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. १९८९मध्ये ग्रेट निकोबार जीवावरण राखीव क्षेत्र झालं, पुढे तिथे दोन राष्ट्रीय उद्यानंही आली. पुण्याच्या 'कल्पवृक्ष' संस्थेने मुंबईच्या 'बीएनएचएस' या निसर्गसंस्थेसह अंदमान-निकोबारच्या जंगलतोडीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. मे २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडीला मोठा चाप लावला. इतक्या लांबच्या रानासाठी पुण्यातून इतका चिवटपणा दाखवला गेला, याची आपल्याकडे फारशी आठवण नसते.

२६ डिसेंबर २००४च्या भूकंपात बेटाचं दक्षिण टोक सुमारे चार मीटर खचलं. त्सुनामीने वस्त्या पुसल्या, किनाऱ्याचं जंगल खाऱ्या पाण्यात वाळलं. पण आतलं डोंगरी रान शाबूत होतं, म्हणून कबुतराला चरायला जागा उरली.

आता कुऱ्हाड येते आहे ती त्याच रानावर. बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवं शहर यांसाठी जानेवारी २०२१मध्ये गॅलाथिया खाडीचं अभयारण्य रद्द झालं, नोव्हेंबर २०२२मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार आहे. बदल्यात तीन नवी अभयारण्यं जाहीर झाली: कासवं, मेगापोड पक्षी आणि प्रवाळ यांच्यासाठी, लिटल निकोबार, मेंचाल आणि मेरो बेटांवर. ती हवीतच. पण कबुतराच्या हिशेबात घरट्याच्या बेटाने चरण्याच्या बेटाची भरपाई होत नाही. तोडलेल्या झाडांची भरपाई करायला जागा निवडली आहे ती तर हरियाणात.