जुनं नक्षीदार पायरेक्स: आधी रंग बघा, मग नाव

जुन्या पायरेक्सच्या शौकिनांत एक समजूत पक्की बसली आहे. तळावरचं नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत असेल तर काच बोरोसिलिकेट, म्हणजे अस्सल. स्मॉल अक्षरांत असेल तर दुय्यम. नक्षीदार भांड्यांपुरती तरी ही खूण बिनकामाची आहे. अमेरिकेतल्या कॉर्निंग ग्लास वर्क्सने १९१५ साली आणलेलं पायरेक्स पारदर्शक होतं आणि बोरोसिलिकेटचंच होतं. (मुंबईत १९६२ साली सुरू झालेल्या बोरोसिलमुळे ती काच आपल्या ओळखीची आहे.) पण दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर गेलेली, आतून पांढरी आणि बाहेरून रंगीत भांडी ओपल काचेची. ही सोडा-लाइम काच टेम्पर करून मजबूत केलेली असते, तळावर अक्षरं कशीही असोत.

हा फरक वापरताना जाणवतो. सोडा-लाइम काच तापली की बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. म्हणून फ्रिजमधलं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवू नये, गरम भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नये आणि गॅसवर तर ते कधीच चढवू नये.

‘काचच ती, डिशवॉशरमध्ये काय बिघडणार?’ बिघडतं, आणि ते पुन्हा सुधारता येत नाही. १९५७ची ‘बटरप्रिंट’ नक्षी घ्या: पांढऱ्यावर फिरोजी रंगात शेतकरी जोडपं, कोंबडा, मक्याची कणसं. चांगल्या अवस्थेतल्या भांड्याचा रंग उजेडात ओला असल्यासारखा चमकतो. डिशवॉशरची तीव्र पावडर या रंगाचा वरचा थर खाते. मग तो खडूसारखा भुरकट होतो आणि बोटाला खरखरीत लागतो. तेल चोळून काही विक्रेते तात्पुरती चकाकी आणतात, म्हणून विकत घेण्याआधी भांडं कोरड्या फडक्याने पुसून बघाच. माझ्या मते टवका उडालेलं पण चमक टिकलेलं भांडं गुळगुळीत काठाच्या भुरकट भांड्यापेक्षा केव्हाही चांगलं.

त्या काळच्या बाहेरच्या रंगांत शिसं असायचं, हे मात्र खरं आहे. आतली बाजू बिनरंगाची काच असते, त्यामुळे अन्न रंगाला लागत नाही. तरी रंगावर तारेची घासणी फिरवू नये, आणि पोपडे सुटलेलं भांडं शोभेलाच ठेवावं.

तळाचा आकडा म्हणजे साल नव्हे. उदाहरणार्थ, ४७३ हा एका ठरावीक आकाराच्या भांड्याचा क्रमांक. त्यात एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडं कमी मावतं.

राहिली किंमत. निळ्या फुलांचं ‘कॉर्निंग वेअर’ हजारो डॉलरला मागितलेलं ऑनलाइन दिसतं, आणि माळ्यावर खजिना असल्याचं लोकांना वाटू लागतं. १९५८पासून निघालेली ही भांडी मुळात पायरेक्सची नाहीत. ती पायरोसेरम नावाच्या काच-सिरॅमिकची आहेत, आणि अमाप विकली गेली आहेत. दुर्मीळ म्हणावं ते १९५९चं ‘लकी इन लव्ह’सारखं, फार थोडं निघालेलं भांडं. बाकी मागितलेल्या आकड्यावर जाऊ नका. त्याच नक्षीचं, त्याच अवस्थेतलं भांडं प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं, तेवढंच बघा.